पोचल्यावर टाकायचा खडा

इंगाबाईंनी भाड्यानं घेतलेली ती गाडी म्हणजे चाकांवरची खोलीच होती. जुन्या मेटॅडोरच्या पाठीत पुण्याच्या एका मालकानं चार बाकं, गॅसची शेगडी आणि हात धुवायचं भांडं बसवलं होतं. बाकं उलगडली की त्यांचे पलंग होत. आमच्या मलकापुरात तिला लगेच 'घरगाडी' असं नाव पडलं. इंगाबाई डेन्मार्कच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना आमचा मुलूख हमरस्ता सोडून आडवाटेनं बघायचा होता. गाडी चालवायला मी आणि स्वयंपाकाला माझी बायको, आम्रपाली. शहाण्णवचा जानेवारी होता, उसाचा हंगाम ऐन भरात होता.

आम्रपाली फार बोलकी. आमच्या घरात रेडिओ लावायची कधी गरज पडली नाही. मी चिडवायचो, पण तिचा आवाज नसला की मला घर खायला उठायचं.

निघताना शेजारच्या राहीबाई आडव्या आल्या. "तिघं निघालायसा व्हय? तिघांनी जाऊ न्हाई. चौथा म्हणून ह्यो खडा घ्या. पोचलं की टाकून द्या."

वडिलांनी धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. मी हसून गाडी काढली असती. पण म्हातारीचं मन कशाला मोडा म्हणून आम्रपालीनं तो सुपारीएवढा खडा घेतला आणि पुढच्या काचेखाली ठेवला. "बसा पावनं," ती त्याला म्हणाली.

शिराळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. रस्ता इतका अरुंद, की समोरून उसाची बैलगाडी आली तर आम्हाला कडेला अंग चोरून उभं राहावं लागे. कुठल्या तरी गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास येत होता. टपरीवाले आकाराम माझ्या ओळखीचे, ते स्वतः गाडीत चहा घेऊन आले. एक कप इंगाबाईंना, एक मला. आम्रपालीनं हात पुढं केला, तर त्यांनी तिसरा कप तिच्या हाताला वळसा घालून मागच्या रिकाम्या बाकावर ठेवला आणि ते निघून गेले.

"माझा च्या कुणाला दिला ह्यांनी?" म्हणत ती खो खो हसली. मीही हसलो. आकारामांचं वय झालं होतं.

मुक्काम कुठंही पडे. विहिरीशेजारी, शाळेच्या पटांगणात, माळावर. गाडी थांबली की तेच घर. इंगाबाई माझ्याशी इंग्रजीत बोलत, आम्रपालीशी खुणांनी गप्पा मारत. आम्रपालीनं त्यांना भाकरी थापायला शिकवली होती, आणि भाकरी आवडली की इंगाबाई दोन्ही तळहात एकमेकांवर थापटून हसत. खडा काचेखाली होता तिथंच होता.

चौथं बाक आम्ही वापरत नव्हतो, तरी सकाळी ते उलगडलेलं सापडे. खीळ सैल झाली असणार. मी बाक तारेनं घट्ट बांधलं. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा उलगडलेलं होतं, आणि तार सोडवून, तिचं नीट वेटोळं करून उशाशी ठेवलेली होती. इंगाबाईंना झोपेत चालायची सवय असेल, असं मी ठरवून टाकलं.

विट्यात भाऊसो भेटला. कोईमतुरात त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे, सुट्टीला गावी आला होता. आमच्या लग्नात पंगतीला वाढायला होता तो. गाडी आतून बघायला हौसेनं चढला. आम्रपाली त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या धरून उभी राहिली. "भाऊजी, पाणी घ्या की. पोरंबाळं बरी हायती न्हवं?"

भाऊसोनं तिच्या खांद्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "महेंद्र, वैनी येवढ्या गप का रं? मगापासनं बघत्यात नुसत्या. भांडलायसा का काय, गड्या?"

बाक रिकामं होतं. आम्रपालीच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी माझ्या पायावर सांडलं. भाऊसोनं त्या बाकाला हात जोडले आणि तो उतरून गेला.

त्यानंतर ती हसायची थांबली. उगाच भांडी वाजवायची. मोठ्यानं बोलायची. रस्त्यात उसाच्या गाडीवाल्यांना हाका मारायची, आणि गाडीवाले मला रामराम घालून पुढं जायचे. मला राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. सगळ्यांनी मिळून थट्टा चालवली असावी, असंसुद्धा मी मनाला सांगून पाहिलं.

मायणीच्या तलावाकडेला गाडी लावून आतच न्याहारीला बसलो. इंगाबाईंनी ताटल्या मांडल्या. एक त्यांची, एक माझी, एक चौथ्या बाकासमोर. मग त्या बाकाकडे बघून त्यांनी तळहात थापटले आणि प्रेमानं हसल्या.

आम्रपालीनं त्यांचं मनगट धरलं. हलवलं. कानाशी तोंड नेऊन ओरडली.

इंगाबाईंनी मनगट चोळलं. "महेंद्र, खिडकी लावता का? वारा लागतोय."

खिडकी बंदच होती.

आम्रपाली माझ्याकडे वळली. "आवं, तुमाला तरी मी दिसतीया न्हवं?"

"दिसतीस की."

"मग हात धरा माझा."

मी धरला. तो गरम होता. मी घाबरलो होतो.

"त्यो खडा पोचल्यावर टाकायचा हुता," ती म्हणाली. "आपण पोचलोच न्हाई कुटं. घर संगटच घिऊन हिंडतोय."

"मग टाक हितंच, तळ्यात."

"न्हाई. घरी पोचू. मग टाकीन."

इंगाबाईंना मी इंजिनाचं कारण सांगितलं आणि गाडी कराडच्या दिशेनं वळवली. वाटेत आम्रपाली एका हातात खडा आणि दुसऱ्या हातात माझी बाही धरून बसली होती. मी गिअर बदलतानाही तिनं बाही सोडली नाही.

भर उन्हाचे मलकापुरात पोचलो. राहीबाई दारातच होत्या. आम्रपाली पहिली उतरली, धावत गेली आणि खडा रस्त्याच्या कडेला, इतर खड्यांत, ठेवून दिला.

"राहीमावशी, पोचलो बगा!"

राहीबाई तिच्या शेजारून पुढं आल्या. गाडीच्या दाराशी थांबल्या.

त्यांनी हात वर केला.

"ये, सावकाश उतर. लय वाळलीस गं आमरपाली."

गाडीची पायरी खाली दबली. मग वर आली.

इंगाबाई गेल्या, गाडी मालकाकडे गेली. घरात माझी आई रोज भिंतीकडच्या पाटावर ताट वाढते आणि रिकामं झालेलं उचलते. आम्रपालीला मी माझ्या ताटातलं देतो. कसं, का, कुणी, हे मला काही समजून घ्यायचं नाही. मला माझी बायको पाहिजे. म्हणून एक नेम केलाय: सकाळी उठलो की आधी तिच्याकडे बघायचं, तिच्याशी बोलायचं, दिवसभर बोलत राहायचं.

काल जेवतानाही बोलत होतो. आमटीत मीठ कमी झालंय, म्हणालो. ती भिंतीकडच्या पाटावर मान खाली घालून जेवत होती. उत्तर आलं ते माझ्या पाठीमागून, चुलीजवळून, अगदी बारीक आवाजात.

"आवं, मी हितं हाय. तिकडं बगून कुणाशी बोलताय?"