खोक्यातले सहा क्लॅम्प

“फडकं माझंच आहे,” उस्ताद म्हणाले आणि गॅरेजची किल्ली खिशातून काढून त्यांनी बाकावर ठेवली. “चाळीस वर्षं झाली. आता डोकं साथ देत नाही. बंद करतो.”

त्यांच्या मुलीने किल्ली उचलून मुठीत धरली. मावशींना तिनेच बोलावलं होतं.

मावशी म्हणजे खाजगी तपास करणाऱ्या बाई. त्यांच्यामागे वही घेऊन उभा होता तो त्यांचा भाचा. वय बेचाळीस, तरी मावशींच्या तोंडी अजून बाळ्याच.

समोर एका गिऱ्हाइकाची, धाकट्या शेठची, चेपलेली गाडी. त्यांना शर्यतीसाठी तिची ताकद वाढवून हवी होती. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि दाबलेली हवा तापते. ती थंड करायला उस्तादांनी मोठा इंटरकूलर आणि हवेचे जाड पाइप बसवले. मंगळवारी जोरात साठ किलोमीटर चाचणी झाली, गाडी वाऱ्यासारखी पळाली. गुरुवारी सकाळी मात्र ट्रकला ओलांडताना इंजिनाचा श्वास कोंडला. धाकटे शेठ हात मोडून दवाखान्यात, आणि पाइपात हे निळं फडकं.

“काम चालू असताना पाइपाच्या तोंडात फडकं कोंबतात, कचरा जाऊ नये म्हणून,” मुलगी म्हणाली. “पण बाबा विसरतील?”

बाळ्या बोनेटखाली वाकला. पाइप आवळणारे पाच क्लॅम्प नवे, नटाचे. सहावा जुना, स्क्रूचा.

“मावशी,” तो कुजबुजला, “म्हातारा खरंच विसरला हो.”

उस्तादांनी ऐकलं. “वाढीव दाबाला जुना क्लॅम्प टिकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि मी तोच लावला.”

“लावल्याचं आठवतं?” मावशींनी विचारलं.

“नाही. त्याचीच तर भीती वाटते.”

उस्तादांच्या हाताखालचा कारागीर उसळला. “चाचणीनंतर अकराच्या पान्याने मी स्वतः नट तपासले. सहाच्या सहा!”

“आणि नंतर तूच—” बाळ्या.

“नंतर? तसाच बायकोच्या बाळंतपणाला गेलो साहेब, आज उगवतोय. मुलगी झाली. नाक सासूचं, बाकी देवाची कृपा.”

मावशी हसल्या. “काढलेले जुने भाग कुठे असतात?”

“गिऱ्हाइकाला परत. उस्तादांचा नियमच आहे. फडक्यांत गुंडाळून खोक्यात, झाकणावर यादी. मंगळवारी माझ्यासमोरच धाकटे शेठ ते गाडीतून घरी घेऊन गेले.”

तासाभराने सगळे शेठच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये उभे होते. मोठे शेठ, धाकट्यांचे वडील, नुकतेच बाहेरगावहून परतले होते आणि तापलेले होते.

“आठवडाभर घरात फक्त धाकटा आणि आमचे जावईबापू. पुढच्या महिन्यात धंदा धाकट्याच्या हाती द्यायचा होता! या म्हाताऱ्याला मी सोडणार नाही.”

“खोकं त्या कोपऱ्यात आहे,” घरजावई म्हणाले. “मी हातही लावलेला नाही. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही.”

बाळ्याने यादी वाचली. जुना कूलर एक, पाइप तीन, क्लॅम्प सहा. मग एकेक मोजलं. “सहा. हिशेब चोख.”

“हिशेब जुळला की माणूस बघायचं सोडतो, बाळ्या. कुणीतरी नेमकं हेच धरून चाललं होतं. आता मोजू नकोस, बघ.”

बाळ्याने बघितलं. पाच जुने, स्क्रूचे. सहावा कोरा, नटाचा. नटाचे कोपरे पार चावल्यासारखे झिजलेले.

“फडकं मंगळवारी पाइपात असतं तर गाडी जोर लावताच गुदमरली असती,” मावशी म्हणाल्या. “म्हणजे ते नंतर कोंबलं, आणि गाडी तेव्हा इथे होती. नट ज्याने काढला त्याच्याकडे पाना नव्हता, पक्कड होती. गॅरेजवाला पक्कड कशाला लावेल? नट झिजला, पुन्हा आवळेना. मग त्याने खोक्यातला जुना क्लॅम्प लावला. फडकंही त्यातलंच. झाकणावर लिहिलं होतं ‘सहा’. आकडा भरावा म्हणून झिजलेला नवा क्लॅम्प आत टाकला. जुना तिथे चालत नाही, हे गाडीतलं ओ की ठो न कळणाऱ्याला कसं कळावं? घरात माणसं दोन. एक दवाखान्यात आहे.”

जावईबापू एक पाऊल मागे सरकले. “मला... मला फक्त तो शर्यतीत मागे पडायला हवा होता.”

मोठे शेठ खालीच बसले.

उस्ताद मात्र तो झिजलेला नट बोटांत फिरवत होते. मावशींनी यादीवर हात ठेवला.

“उस्ताद, न बघता सांगा. कुठले जुने क्लॅम्प काढले होते?”

“दोन बासष्ट मिलिमीटरचे,” ते नकळत बोलून गेले. “तीन सत्तरचे. आणि एक गंजलेला, हट्टी, तेल पाजून काढला...”

बाळ्याने जुने उलटेपालटे करून पाहिले. दोन बासष्टचे, तीन सत्तरचे. गंजलेला तेवढा त्यांत नव्हता. तो गाडीत होता.

उस्तादांनी डोळे पुसले आणि मुलीपुढे हात पसरला.

“पोरी, किल्ली आण. गाडी तशीच उघडी पडलीय.”