तिसरी दांडी

ब्रेंत्सिस त्या शनिवारी गुत्त्यावर गेला तो प्यायला नव्हे, मीठ आणायला. मीठ, दोन खारे हेरिंग मासे आणि आईसाठी चिमूटभर तपकीर. पंधरा ऑक्टोबर, सन अठराशे एकोणपन्नास. तारीख मला पाठ आहे, कारण त्या वर्षी मी कार्क्लीच्या शेतावर गडी होतो आणि त्या रात्री भट्टीघराच्या दाराला बाहेरून अडसर मी घातला होता. ह्याच हातांनी. ह्याच दाराला.

हस, अन्सिस, हस. मघाशी तूच म्हणालास ना, सैन्याच्या चिठ्ठ्या काढायच्या दिवशी वर राय वाळत घालायच्या दांड्यांवर चढून पेंढ्यांमागे झोपतो म्हणून?

"गंमत केली हो, इंद्रिककाका."

"गंमत कसली?" लविझे म्हणाली. "दोन दिवस झाले, भाकरी साठवतोय तो. मी पाहिलीय. आणि विचारलं की म्हणतो, मी नाही सापडलो तर पेटेरिसला नेतील, धाकट्या भावाला, तसाही तो दिवसभर लोळतच असतो."

"तू गप गं!"

दोघंही गप बसा. लविझे, भट्टीत एक ओंडका सरकव. राय अजून ओली आहे, रात्र मोठी आहे. ऐका.

तर ब्रेंत्सिस गुत्त्यावर गेला. तिथं एक सुटून आलेला शिपाई बसला होता, एका पायाचा. ब्रेंत्सिसनं त्याला विचारलं, कार्क्लीचा युकुम कुठं भेटला का? शिपाई म्हणाला, "कुठली पलटण?" ब्रेंत्सिसला ठाऊक नव्हतं. शिपाई हसला. म्हणाला, "बाबा रे, तिकडं युकुम ढिगानं आहेत. काही जमिनीवर, बाकीचे खाली."

युकुम म्हणजे ब्रेंत्सिसचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी नेलेला. तेव्हा पंचवीस वर्षांची शिपाईगिरी होती. तुमच्यासारखी पाच-सहा वर्षांची नव्हे. पोरगं नेलं की आया दारात बसून मर्तिकाची गाणी म्हणायच्या. जार रशियाचा, जमीन जर्मन बॅरनची आणि पोरं आमची. बॅरनच्या पोराला चिठ्ठी नाही, पाद्र्याच्या पोराला नाही. आम्ही आता गुलाम नाही असं एकदा चर्चमध्ये वाचून दाखवलं होतं म्हणे. माझा बाप तिथं हजर होता. वाचून झाल्यावर तो थेट बॅरनच्या शेतावर नांगर धरायला गेला. दुसरीकडे जाणार कुठं?

असो. ब्रेंत्सिस घरी आला, मीठ ठेवलं आणि शिपाई काय म्हणाला ते आईला सांगितलं. सांगायला नको होतं.

तो पितरांचा महिना होता. आपल्याकडे पाद्र्याच्या नकळत अजूनही करतात, तसंच तेव्हा. भट्टीघरात पाट मांडायचा, जवाची लापशी, वाटाणे, डुकराची मुंडी, बियर. घराच्या धन्यानं एकट्यानं आत बसायचं. एकेका पितराला नावानं हाक मारायची. ते जेवले की सांगायचं, खाल्लंत, प्यालात, आता आल्या वाटेनं जा, आमच्या पेरलेल्या रायवरून चालू नका. आत आलेलं कोणी घराकडे भटकू नये म्हणून दाराला बाहेरून अडसर. तो उघडायचा कोंबडा आरवल्यावर, त्याआधी नाही. कोणी कितीही ओरडलं तरी नाही.

आणि एक नियम. ज्याची माती आपण पाहिली नाही, त्याला हाक मारायची नाही.

म्हातारी दार्ताला हा नियम माहीत नव्हता असं नाही. तिच्याच सासूनं तिला शिकवला होता. पण अकरा वर्षं, पोरांनो! ती आजारी होती, ती वाळत चाललेली आम्ही रोज पाहत होतो. ती म्हणाली, "आज युकुमला हाक मार."

ब्रेंत्सिस म्हणाला, "आई, असं करत नाहीत. जिवंत असला तर?"

"जिवंत असला तर यायचा नाही. वाटी भरलेली राहील. मी निवांत मरेन."

"आणि आला तर?"

"आला तरी जेवून जाईल. अकरा वर्षांत त्याला कोणी घरचं वाढलंय का?" मग म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं. "तुला कसली भीती वाटते? तू तर त्या रात्री गिरणीवर होतास."

ब्रेंत्सिस युकुमची वाटी काढायला उठला.

ती रात्र काय होती ते आता सांगतो. मला हे त्यानं नंतर सांगितलं. एकदा तेव्हा, आणि एकदा ह्या वसंतात, मरायच्या आदल्या दिवशी. दोन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

चिठ्ठी आली होती ब्रेंत्सिसच्या नावची. पकडायला माणसं येणार ही कुणकुण लागली, तशी तो गिरणीवर जातो असं सांगून घराबाहेर पडला आणि इथं येऊन वर चढला. भट्टीकडून तिसरी दांडी. पेंढ्यांच्या मागे आडवा. खाली युकुम भट्टी लावत होता, एकोणीस वर्षांचा. मध्यरात्री घोडे आले. जहागिरीचा मुकादम दारातून ओरडला, "आत कोण आहे?"

युकुमनं एकदा वर बघितलं. एकदाच. मग म्हणाला, "मी एकटाच आहे."

"दुसरा कुठाय?"

"मी एकटाच आहे."

"मग तूच चल. आम्हाला ह्या घरातलं एक डोकं हवंय, कुठलं का असेना."

आणि त्याला नेलं. वर ब्रेंत्सिस मूठ तोंडात कोंबून पडून राहिला. एक शब्द बोलला असता तर युकुम सुटला असता. नाही बोलला. पहाटे मागच्या वाटेनं घरी आला, अंगावर पीठ शिंपडून. गिरणीवरून आलो म्हणाला.

कचेरीत युकुमची उंची मोजली, दात बघितले आणि साहेब ओरडला, "कपाळ!" म्हणजे पास. पास झालेल्याचे पुढचे केस कपाळापासून डोक्याच्या मध्यापर्यंत वस्तऱ्यानं साफ करायचे. पळून गेला तर कुठंही ओळखू यावा म्हणून. आपण मेंढराच्या कानाला खाच पाडतो ना, तसं.

तर आता एकोणपन्नास सालची ती रात्र.

नऊच्या सुमारास ब्रेंत्सिस आत आला. पाट मांडला. पाच वाट्या पितरांच्या. सहावी युकुमची, त्याच्याच लाकडी चमच्यासकट. तो चमचा लहानपणी त्यानं दातांनी कुरतडलेला होता. मी अडसर घातला. आतून ब्रेंत्सिस म्हणाला, "इंद्रिक, नीट बसलाय ना?" मी म्हटलं, "बसलाय." आणि मी घरी जाऊन झोपलो.

त्यानं बापाला हाक मारली. भिंतीत खोचलेल्या जळत्या ढलपीची ज्योत आत वाकली. आजोबा. ज्योत वाकली. आजी. पटकीत गेलेल्या दोघी बहिणी. प्रत्येक नावाला ज्योत एकदा वाकायची.

मग तो म्हणाला, "युकुम."

ज्योत सरळ.

पुन्हा म्हणाला. सरळच. वाटी भरलेली. ब्रेंत्सिसला वाटलं, जिवंत आहे! त्याला रडू आलं. आनंदानं. खरंच आनंदानं, तो म्हणाला मला. अकरा वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

मग त्यानं एकेकाला निरोप दिला. खाल्लंत, प्यालात, आल्या वाटेनं जा. पाच वेळा ज्योत दाराकडे वाकली. पाच जण गेले. त्यानं पाट आवरायला हात पुढे केला.

सहावी वाटी निम्मी होती.

चमचा ओला होता.

त्याला निरोपाचे शब्द आठवेनात. नाही, आठवत होते, पण म्हणणार कसे? आल्या वाटेनं जा... युकुम कुठल्या वाटेनं आला होता? तो तर इथून गेला होता. ह्याच घरातून. ह्याच दारातून.

वर दांडी करकरली.

वरून भुसा पडला. त्याच्या केसांत, लापशीत. बारीक, कोरडा. वर कोणीतरी कुशीवर वळलं होतं... पेंढ्यांच्या मागे.

भट्टीकडून तिसरी.

तो दाराकडे धावला. अडसर. मीच घातलेला, नीट बसलेला. त्यानं दार ठोकलं. माझं नाव घेऊन ओरडला. दोनशे पावलांवर मी झोपलेला... आणि ऐकलं असतं तरी उघडलं नसतं. नियम तो नियम. आजपर्यंत मला त्या नियमाची शिसारी आहे.

ढलपी विझली. भट्टीच्या तोंडाशी तेवढा लाल उजेड. धूर खाली उतरायला लागला. आपल्या ह्या भट्टीला धुराडं नाही, तुम्ही बघताच आहात. तो गुडघ्यांवर बसला. वरून श्वास ऐकू येत होता. कसा? दाबलेला. तोंडात मूठ कोंबून घेतात ना... तसा.

तो श्वास ब्रेंत्सिसनं ओळखला. तो त्याचा स्वतःचा होता. अकरा वर्षांपूर्वीचा.

मग घोडे आले.

त्यानं टापा मोजल्या. तीन घोडे. थांबले. बाहेर चिखलात कोणीतरी उतरलं. दार उघडलं नाही. पण आवाज आला, दाराच्या आतून.

"आत कोण आहे?"

मुकादमाचा आवाज. मुकादम बुडून मेला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

ब्रेंत्सिस गप्प.

"आत कोण आहे?"

गप्प राहायचं त्याला ठाऊक होतं. अकरा वर्षं तेच केलं होतं. पण ह्या वेळी तो खाली होता. भट्टीपाशी. युकुमच्या जागेवर. आणि वर...

"दुसरा कुठाय?"

त्यानं वर बघितलं. एकदाच. धूर. धुरात दांडीवरून लोंबणारा एक पाय. अनवाणी. बोटं आखडलेली, थंडीत आखडतात तशी.

बोट वर केलं असतं तर सुटला असता. शब्दही लागला नसता. तो मला म्हणाला, "इंद्रिक, माझा हात उचलला गेला होता रे. खरं सांगतो. कोपरापर्यंत."

...

"मग?" अन्सिसनं विचारलं. त्याच्या आवाजात आता गंमत नव्हती.

मग तो म्हणाला, "मी एकटाच आहे."

कोणीतरी त्याची हनुवटी धरली. घट्ट. बोटं ओली, चिखलाची. कपाळावर काहीतरी गार टेकलं. आणि कानापाशी... अगदी जवळ... कोणीतरी म्हणालं, "कपाळ!"

कोंबडा आरवला. मी अडसर काढला. अडसर जसाच्या तसा होता, चिखलात टापांचा एकही ठसा नव्हता. ब्रेंत्सिस भट्टीपाशी बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. कपाळापासून डोक्याच्या मध्यापर्यंत एक केस नाही. वस्तऱ्यानं केल्यासारखं गुळगुळीत. कापलेले केसही नव्हते, आम्ही सगळं भट्टीघर झाडून बघितलं.

माझ्या मागून दार्ता आली, काठी टेकत. तिनं वाटीकडे नाही बघितलं, ब्रेंत्सिसच्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाली,

"तू त्या रात्री गिरणीवर नव्हतास."

एवढंच. त्यानं मान डोलावली. तिनं सहावी वाटी उचलली. आता ती पूर्ण रिकामी होती. तिनं ती धुतली आणि घरात, आम्हा जिवंत माणसांच्या टेबलावर मांडली. मरेपर्यंत रोज मांडली. ब्रेंत्सिसशी बोलली, पण मीठ दे, दार लाव, इतकंच.

ते केस पुन्हा उगवले नाहीत. त्याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? तसं डोकं म्हणजे पळपुटा शिपाई. आपल्या हद्दीच्या बाहेर पाऊल टाकलं की पहिल्या चौकीवर बेड्या. टोपी घालून किती दिवस फिरणार? रीगाला जाऊन युकुमची चौकशी करायची त्याची इच्छा होती. चार वेळा हद्दीवरच्या पुलापर्यंत गेला आणि चारही वेळा परतला. पुढे शिपायांची डोकी करायचं बंद झालं, पण तोपर्यंत तो म्हातारा झाला होता. ह्या शेतावर चाळीस वर्षं काढली त्यानं. भट्टीही तोच लावायचा. दुसऱ्या कोणाला लावू द्यायचा नाही. युकुमचा कागद कधी आला नाही, जिवंतही नाही आणि मेलाही नाही.

ह्या वसंतात ब्रेंत्सिस गेला. जुलैमध्ये मी ह्या जुन्या दांड्या बदलायला काढल्या. साऱ्या धुरानं कोळशासारख्या काळ्या. बोट लावलं की काजळी. फक्त तिसरी...

अन्सिस, मी काय म्हणतोय ते ऐक. बाकीच्या सगळ्या नव्या टाकल्या. तिसरीपण नवी टाकली, ताजी सोललेली. जुनी मी जाळली. का ते विचारू नकोस. ऑगस्टपासून रोज धूर लागतोय. दोन महिन्यांत नव्या दांड्याही काळ्या झाल्या.

कंदील घे. घाबरू नकोस, तिकडे मी एकही पेंढी टांगलेली नाही. वर धर. आणखी वर.

दोन्ही टोकांना काळी आहे ना? आता मधे बघ.

अन्सिसनं कंदील वर धरला. लविझेनं त्याची बाही पकडली.

दांडीचा मधला भाग पांढरा होता. काल सोलल्यासारखा. एक माणूस कुशीवर झोपेल, बरोबर तेवढा.