गोजरबाईच्या गोष्टीला हूं

ऋतुजाला लॅपटॉप घ्यायचा होता, एवढंच निमित्त. मे महिन्यातला शनिवार होता. सकाळी दहालाच ऊन असं तापलं होतं की नवी पेठेतले दुकानदार शटर अर्धवट खाली ओढून आत अंधारात बसले होते. ऋतुजा डोक्याला ओढणी गुंडाळून जुळे सोलापुरातून आली होती. पर्समध्ये धुळाप्पांनी पाठवलेले पैसे होते. धुळाप्पा म्हणजे तिचे वडील. मंगळवेढ्याच्या पुढे, माळरानावर मेंढरं राखतात. पोरीला नोकरी लागली म्हणून त्यांनी तीन बोकड बाजारात विकले होते.

नोकरी तशी नवलाचीच. एका संस्थेनं सोलापूरच्या दक्षिण भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. तासन्‌तास बोलणं. ते सगळं लिहून काढायचं होतं. शहरातल्या मुलींना ती बोली कळेना, म्हणून ऋतुजाला घेतलं. घरी बसून काम, लॅपटॉप मात्र स्वतःचा. तीन महिने काम बघणार आणि वेळेत झालं तर कायम करणार, असं ठरलं होतं.

दुकानदाराचं नाव मृत्युंजय. चाळिशीचा, शांत बोलणारा माणूस. त्यानं काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले.

"हा नवा. तुमच्या बजेटात नवा म्हटलं तर हाच. दिसायला देखणा आहे, पण चार कामं एकदम दिली की बसतो. आणि हा रिफर्बिश्ड. कंपनीतनं आलेला. आतली मेमरी मी वाढवलीय, बॅटरी बदललीय. त्या नव्याच्या दुप्पट काम करेल. पैसेही वाचतील. वॉरंटी मात्र माझी, सहा महिने."

"आधी कुणाचा होता?"

"कंपनीचा. असे चाळीस आले होते. माणसाचं नाव नसतं त्यावर."

ऋतुजानं दोन्ही उघडून बघितले. नव्याच्या कीबोर्डच्या कळा हलक्या होत्या, बोटाखाली दबून जायच्या. जुन्याच्या भक्कम. तिला ठरवता येईना. ती दुकानाच्या पायरीवर आली आणि तिनं वडलांना फोन लावला.

"आबा, जुना घेऊ का नवा?"

"मला त्यातलं काय कळतंय," धुळाप्पा म्हणाले. "जनावर घेताना आपुन दात बगतो. आनि इकनाऱ्याला इचारतो, का इकतूस म्हनून. इचारलंस का?"

"कंपनीनं नवीन घेतले, म्हणून जुने काढले म्हणे."

"मग घे की. कामाला तगडं असंल तर जुनं वाईट न्हाय."

तिनं जुना घेतला.

ती राहत होती चन्नम्मांच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या एका खोलीत. सोलापुरातली उन्हाळ्यातली दुपार ज्यानं अनुभवली आहे त्याला सांगायला नको. बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. कुत्री गटारीच्या कडेला ओल शोधून पडलेली असतात. पाखरूसुद्धा आवाज करत नाही. उजेड एवढा असतो की त्याचीच भीती वाटावी. पत्रा मधूनच टण्ण वाजतो, तेवढाच आवाज. ऋतुजा याच वेळी काम करायची, कारण खाली चन्नम्मा झोपलेल्या असायच्या आणि सगळं शांत असायचं. कूलरसुद्धा ती बंद ठेवायची.

शांतता लागायचं कारण तिची कामाची रीत. ती कानाला हेडफोन लावून म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकायची आणि तेच शब्द स्वतःच्या तोंडानं माइकसमोर म्हणायची. लॅपटॉप ऐकून लिहायचा. ती थांबली की तोही थांबायचा. टाइप करण्यापेक्षा हे झटपट व्हायचं. मागाहून चुका तेवढ्या दुरुस्त करायच्या.

पहिलं काम आलं ते गोजरबाई नावाच्या म्हातारीचं. वळसंगकडची, पंच्याहत्तरीच्या आसपासची. एकूण नऊ भाग. म्हातारी बोलायला गोड होती. लहानपण, माहेर, लग्नातली मानापमानाची भांडणं, सगळं रंगवून सांगायची. ऋतुजा तिच्या मागोमाग बोलत जायची.

चौथ्या दिवशी ती लिहिलेलं तपासायला बसली, तेव्हा मजकुरात एक शब्द दिसला. तिनं तो म्हटलेला नव्हता.

"मग माजं लगीन ठरलं हूं नवरा गवंड्याच्या हाताखाली हुता हूं"

हूं. एका पानावर सात ठिकाणी. तिनं ते खोडले. आपणच घसा खाकरत असू, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती लक्ष ठेवून बसली. एक वाक्य म्हटलं, रेकॉर्डिंग थांबवलं, ओठ घट्ट मिटले. पडद्यावर रेघ लुकलुकत होती. खोलीत काही हललं नाही. पत्रा वाजला नाही.

हूं.

आवाज काहीच आला नव्हता. शब्द तेवढा उमटला होता.

तिनं आणखी एक वाक्य म्हटलं आणि थांबली. पुन्हा तेच. मग ती जरा जास्तच वेळ गप्प राहिली. पाच मिनिटं झाली असतील. त्या पाच मिनिटांत खोलीत एक वास आला. दगडावर दगड घासला की ठिणगी उडते, तेव्हा येतो तसा, जळका आणि कोरडा. लॅपटॉप तापला असेल म्हणून तिनं त्याच्या खाली हात घातला. तो गार होता.

पडद्यावर नवा शब्द आला. मुंदे.

तिनं झाकण मिटलं.

सोमवारी ती मृत्युंजयच्या दुकानात गेली. त्यानं ऐकून घेतलं, हसला नाही. माइक तपासला, सगळं पुसून पुन्हा भरलं, स्वतः दहा मिनिटं काहीबाही बोलून बघितलं. दुकानात गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, तरी लॅपटॉपनं एक जादा अक्षर लिहिलं नाही.

"मशीन चांगलं आहे, मॅडम."

"असेल. पण मला नको."

"आधीच्या माणसाचं काही राहिलंय, असं वाटतंय का तुम्हाला?"

ऋतुजानं लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला. तो म्हणाला, "पुष्कळ जणांना वाटतं तसं. जुनी वस्तू सगळ्यांना मानवत नाही. द्या, नवा घेऊन जा. वरचे पैसे दोन हप्त्यांत दिले तरी चालतील."

नवा लॅपटॉप खोक्यात बंद होता. खोक्याची पट्टी तिनं स्वतः ब्लेडनं कापली. त्यावर कुणाचं बोट लागलं नव्हतं, पडद्यावरची पातळ फिल्मसुद्धा तशीच होती. मध्यंतरी संस्थेनं विहिरी खोदणाऱ्या एका म्हाताऱ्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ते तातडीचं होतं. तीन दिवस तिनं तेच केलं. लॅपटॉप मंद होता, मधूनच अडायचा, पण लिहायचा तेवढंच जेवढं ती म्हणायची. आबांना तिनं फोनवर सांगितलं, जुनं देऊन नवं घेतलं, बरं झालं.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं गोजरबाईचा सातवा भाग लावला. पहिलं वाक्य म्हटलं, "बहात्तर सालचा दुष्काळ म्हंजी काय इचारता बाई."

हूं.

ऋतुजा खुर्चीत तशीच बसून राहिली. आश्चर्य असं की पहिल्याइतकी भीती वाटली नाही. जुना लॅपटॉप दुकानात होता. हा नवा होता. म्हणजे दोष लॅपटॉपचा नव्हता.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. चन्नम्मा गच्चीवर वाळत घातलेली मिरची उलथायला आल्या होत्या. ऋतुजाचा चेहरा बघून त्या आत आल्या.

"काय झालं गं? ऊन लागलं का?"

"काकू, ह्या खोलीत माझ्याआधी कोण राहायचं?"

"कोण न्हाय. तू आलीस त्याच वर्षी तर पत्रा टाकला की." त्यांचं लक्ष पडद्याकडं गेलं. हूंच्या खाली आणखी एक शब्द आला होता. चन्नम्मांनी डोळे बारीक करून वाचला. "मुंदे. हे कानडी लिवलंयस की. तुला कुटं येतं कानडी?"

"काय अर्थ होतो ह्याचा?"

"मुंदे म्हंजे पुढं. गोष्ट सांगताना ऐकणारा म्हणतो न्हाय का, पुढं सांग, पुढं काय झालं... तसं."

त्या मिरची उलथून खाली गेल्या. ऋतुजानं माइक बंद केला. मग हेडफोन लावून, तोंडातून एक शब्दही न काढता, तिनं गोजरबाईचं उरलेलं सगळं बोलणं सलग ऐकलं.

सातव्या भागात म्हातारी दुष्काळी कामावर गेली होती. खडी फोडायचं काम. शेकडो बाया उन्हात बसून दगड फोडायच्या. गोजरबाईच्या शेजारी अक्कम्मा नावाची एक बाई असायची. अक्कलकोटाच्या पलीकडची, कानडी.

"तिला मराठी धड बोलता येत न्हवतं," गोजरबाई सांगत होती, "पर कळायचं समदं. मी गोष्टी सांगायची. राजाच्या, रानाच्या, येतील तशा. गोष्टीवर हात चालतो, उपास कळत न्हाय. आनि ती हूं म्हनायची. मी थांबले की म्हनायची, मुंदे? तिच्यामुळं तर मला सांगाय यायचं. ऐकनारं नसंल तर गोष्ट कशी सांगायची?"

मग आठवा भाग. म्हातारीचा आवाज इथं खाली आला होता.

"त्या दिशी लई ऊन. मी खाली मान घालून दगड फोडतीया आनि गोष्ट सांगतीया. मोठी गोष्ट हुती. ती हूं म्हनतीया. सांज झाली. मुकादम हजेरी घ्याला आला, तिच्याजवळ वाकला... आनि मला म्हनला, बाई, कुनाशी बोलतीस? ही तर कवाची गेलीया. हात लावून बगितलं तर गार. अंग ताठलेलं. दुपारीच गेली हुती म्हनं. सुकडी वाटल्याली, ती पदरात तशीच बांदल्याली. खाल्ली न्हवती."

रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीनं विचारलं होतं, "मग दिवसभर हूं कोण म्हणत होतं, आजी?"

मग गोजरबाई म्हणाली, "ती गोष्ट तितंच ऱ्हायली. पुन्यांदा मी कुनाला गोष्ट सांगितली न्हाय. लेकरांना बी न्हाय. सांगाय घेतलं की येती ती. कुनाच्या बी तोंडनं सांगा, तिला काय."

नववा भाग पिकांबद्दल होता.

ऋतुजानं त्यानंतरचं सगळं हातानं टाइप केलं, ओठ मिटून. दोन दिवस लागले. पडद्यावर एकही हूं आला नाही. काम वेळेत गेलं. संस्थेतून उत्तर आलं, छान झालंय, असंच करा. सगळं सुरळीत झालं होतं. पण ही हकीकत तिच्या पोटात मावेना. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

त्या दुपारी तिनं लॅपटॉप बंद केला, बॅगेत घातला, दाराला आतून कडी लावली आणि पलंगावर पाय वर घेऊन आबांना फोन लावला. आबा रानात होते. तिकडं रेंज येऊन जाऊन असते.

"आबा, तुमाला एक सांगायचंय. मधी बोलू नका. नुसतं ऐका."

आणि ती सांगत गेली. दुकान, जुना लॅपटॉप, पहिला हूं, दगडाचा वास, नवा लॅपटॉप, चन्नम्मा, मग गोजरबाई आणि खडीवरची ती दुपार. फोनमधून मधूनमधून हुंकार येत होता, हलका, दमलेल्या माणसाचा. आबांची ऐकायची पद्धत तशीच, म्हणून तिला धीर येत होता. अक्कम्माच्या पदरातल्या सुकडीपाशी ती येऊन थांबली. तेव्हाही पलीकडून हुंकार आला. तिनं शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मोकळं मोकळं वाटलं.

"आता तुमीच सांगा आबा, हे काम करू का सोडू?"

मग फोनमध्ये खरखर झाली. वारा ऐकू आला, लांब कुठंतरी मेंढरं ओरडली.

"हॅलो... ऋतू? आता येतोय बग आवाज. मगाधरनं तुजं एक अक्षर कळलं न्हाय मला."

"पण... तुमी हूं हूं करत होता की."

"म्या कुटं? तू म्हनलीस नुसतं ऐका, म्हनून गप कानाला लावून बसलोय. तुजा आवाज गेला आनि तुज्यापाशी बसलीया ती बाई तेवढी ऐकू येत हुती. सारकी हूं... हूं... कोन हाय गं ती?"

ऋतुजानं खोलीभर नजर फिरवली. बंद कूलर. बॅग. खुर्ची. दाराची कडी.

"हाय एक," ती सावकाश म्हणाली. "कामावरची."

"लई दमल्यागत वाटली," धुळाप्पा म्हणाले. "जेवलीया का न्हाय बग. उपाशी लावून देऊ नगं तिला."