फेणी गळ्याला

पेडण्याच्या बाजारातल्या औषधांच्या दुकानाचं शटर समीक्षानं वर ढकललं, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाबरोबर फेणीचा असा भपकारा आत आला की तिचं डोकंच फिरलं. सकाळचे साडेआठ! समोर उंच तरुण, पांढरा शर्ट, खिशावर मोपा विमानतळाच्या बसचा बिल्ला – सर्वेश, चालक. गळाभर लाल पुटकुळ्या. आणि डोळे... डोळे चांगले होते मेल्याचे. त्यामुळे तर ती जास्तच चिडली.

"या फोडांना ते तिहेरी मलम द्या," तो म्हणाला.

"लाज नाही वाटत? सकाळी सकाळी ढोसून लोकांची बस चालवता?"

"मी? गे बाय, मी जल्मात घोट घेवक नाय!"

"मग हा वास काय त्या खांबाला येतोय?"

समोर भाजी मांडणारी शांतामावशी मुळ्याची जुडी हातात धरून बघत राहिली. सगळा बाजारच बघत राहिला.

"मलम तरी–"

"डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही! त्यात स्टेरॉइड असतं. आज बरं वाटेल, उद्या कातडी पातळ होऊन बसेल."

तो तणतणत गेला. असले डोळे आणि असली सवय! दिवसभर समीक्षा धुसफुसत राहिली. एका दारुड्यासाठी आपण एवढं का चिडावं, हे मात्र तिला कळेना.

शुक्रवारी तो परत आला. फोड आणखी सुजले होते, काहींना पू धरला होता. पण राग? रागाचा पत्ता नव्हता, आणि तेच तिला टोचलं.

"तुमचा आवाज लांब जातो हां," तो हळूच म्हणाला. "आमच्या सुपरवायझरची बायको बाजारात होती. तीन दिवस दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायला लावतोय माका. तीनही वेळा शून्य. तरी म्हणतो, वास येतो. सोमवारपासून बस दुसऱ्याकडे."

तीनही वेळा शून्य? समीक्षा गल्ल्यावरून पुढे वाकली. आणखी थोडी वाकली... त्याचा श्वास तिच्या गालाला लागला. चहाचा वास. आलं घातलेल्या चहाचा! फेणी येत होती ती खालून, गळ्याकडून. ती चटकन मागे झाली. कान तापले होते.

"दाढी झाल्यावर गळ्याला काय लावता?"

"काय म्हणजे? फेणी. बाबाची भट्टी आहे ना कोरगावात. कापलं-खरचटलं की आमच्या घरात तीच."

"अहो, डोकं आहे की काजूचं बोंड? दाढीचे केस कुरळे, त्यात उलटा ब्लेड फिरवायचा. मग कापलेलं टोक वळून परत कातडीत शिरतं, म्हणून हे फोड! आणि वर सोललेल्या गळ्याला फेणी पाजायची?"

"वस्तरा उलटाच फिरवावा लागतो. कंपनीला गुळगुळीत गाल हवा."

"खड्ड्यात गेला गुळगुळीत गाल! महिनाभर ब्लेड बंद. कोमट पाण्याचं फडकं ठेवायचं, नखं लावायची नाहीत. आणि पू धरलाय, तेव्हा आत्ता सरळ सरकारी दवाखान्यात जायचं. दाढी न करण्याची चिठ्ठी तिथेच मिळेल."

"आणि बस?"

तो एवढंच म्हणाला. याची बस आपल्या तोंडामुळे गेली होती. "सुपरवायझरचा नंबर द्या," ती म्हणाली.

फोन लागल्यावर तिनं आवाज खाली आणला नाही. ओरडताना बाजारानं ऐकलं ना, मग आता हेही ऐकू दे!

"तुमचं यंत्र तीनदा शून्य म्हणतं, आणि तुम्ही बाजारातल्या बोलण्यावर माणसाची बस काढता? ते बोलणारी मीच! चूक माझी होती. तो फेणी पीत नाही, गळ्याला लावतो. आज डॉक्टरांची चिठ्ठी येईल, ती बघा. तरी बस काढलीत, तर मी मोप्याला येऊन याहून मोठ्यानं सांगेन!"

तिनं फोन ठेवला. सर्वेश टक लावून बघत होता.

"माझ्यासाठी एवढं कोणी भांडलं नव्हतं," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी नाही. माझी चूक होती म्हणून. निघा आता, डॉक्टर जेवायला जातील."

बस राहिली.

महिन्यानं दुकानात दाढीवाला एक माणूस आला. वास नाही म्हणून तिनं क्षणभर ओळखलंच नाही. गळा स्वच्छ, फक्त दोन-चार फिकट डाग.

"चिठ्ठीची मुदत आज संपली," सर्वेश म्हणाला. "आता काढली तर चालेल म्हणतात. एका पात्याचा रेझर, केसांच्या दिशेनं, आणि फेणी बाटलीतच. पण... काढू की ठेवू?"

समीक्षानं उगाच गोळ्यांची खोकी सरळ केली. "ठेवा. कंपनीशी मी भांडेन."

"हे औषधवाली म्हणून सांगता?"

"नाही."

"मग?"

काय माणूस आहे! सगळं आपणच बोलायचं?

"मला आवडते म्हणून! दाढीही आणि... तूही! आता आणखी किती स्पष्ट सांगू?"

शांतामावशीच्या हातातली जुडी पुन्हा तशीच राहिली. सर्वेश कानापर्यंत लाल झाला, आणि या खेपेला ते फोडांमुळे नव्हतं.

"हळू गे," तो हसून म्हणाला. "तुझा आवाज लांब जातो."

"जाऊ दे," समीक्षा म्हणाली. "कोरगावात तुझ्या घरापर्यंत जाऊ दे."