राजवाड्याच्या धुराड्यातला खोकला

बाबांच्या श्राद्धाच्या दुपारी पिलनाम नैवेद्याची नासपती सोलत बसली होती, तोच दार लोटून हाकसू आत आला... चार महिने तिच्या उंबरठ्याला पाय न लावलेला तिचा सख्खा धाकटा भाऊ, साठीला टेकलेला, नखशिखान्त काजळीनं माखलेला! नमस्कार नाही, खुशाली नाही, फोटोपुढे गुडघे टेकणं तर दूरच. एकदम म्हणाला, "ताई, बाबा खोकतायत."

पिलनामची सुरी थांबली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"कुठं?"

"राजवाड्यात. मुलांच्या वाचनखोलीत, जमिनीखाली."

दुसरी कुणी असती तर तिनं भावाला आधी पाणी दिलं असतं. पिलनामनं विचारलं, "कोरडा, की कफाचा?"

"कोरडा. काम पसंत नसल्यासारखा."

"मग बाबाच," ती म्हणाली, आणि सुरी पुसून उठली.

पिलनाम या नावाचा अर्थच मुळी 'आता मुलगा होणार म्हणजे होणारच' असा. आणि तिच्या पाठीवर हाकसू झाला, तेव्हा आपलं आयुष्यभराचं काम आटोपलंच आहे, अशा नजरेनं घर तिच्याकडे पाहू लागलं. बाबा घरांच्या उबदार जमिनी घालणारे उस्ताद. बाहेरच्या चुलाण्यात जाळ करायचा, जमिनीच्या दगडांखालच्या वाटांतून धूर फिरवायचा, खोली उबवून धुराड्यावाटे सोडून द्यायचा. ही विद्या त्यांनी दोन्ही लेकरांना शिकवली. हात आला लेकीला. नाव द्यायचं होतं लेकाला. तीस वर्षांपूर्वी सरकारी परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी सगळी जमीन पिलनामनं घातली, आणि बाबांनी तिचा तळवा तापल्या चुलाण्यावर टेकवून शपथ घ्यायला लावली, की कुणीही विचारलं तरी दगड हाकसूनं बसवले! हाकसूला उस्तादाची पदवी मिळाली. पिलनामला मजुरांच्या स्वयंपाकाचं काम मिळालं. तेव्हापासून सगळे जेवायला बसले, की ती गुपचूप जमिनीखाली उतरायची. दोन स्थळं तिच्या नखांतली काजळी बघून परत गेली... तिनं ते दुःखही दगडासारखं जागच्या जागी बसवून टाकलं.

पण या वसंतात यॉनहागुंग राजवाड्याच्या जीर्णोद्धाराचं काम निघालं, टीव्हीवाले आले, आणि बहिणीचा या कामात वाटा काय, असं विचारल्यावर हाकसू हसून म्हणाला होता, की ताईच्या हातचा मुळ्याचा रस्सा खाऊन बघा. त्या संध्याकाळी पिलनाम आपली थापी घेऊन घरी आली ती परत गेलीच नाही.

राजवाडा आता अगदी नवरीसारखा सजला होता. खांब रंगले होते, छपराची कौलं बसली होती, राणीच्या शयनगृहाची मुलांसाठी वाचनखोली करून तिथं पुस्तकांच्या बुटक्या मांडण्या लागल्या होत्या. उद्घाटन नऊ दिवसांवर. फक्त चुलाणं पेटवलं, की खोलीच्या मधोमध एक धूसर उभी आकृती वर यायची, आणि खाली कुणीतरी खोकायचं. पालिकेच्या ग्वाक बाई दारातच भेटल्या. त्यांचा भुताला विरोध नव्हता. राणीचं असेल तर जाहिरातीत घालता येईल, पण म्हाताऱ्या मिस्त्रीचं असेल तर मुलांच्या खोलीत चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पिलनामनं धुराड्याजवळचा शेवटचा दगड उचलला आणि तिला कळलं. धुराड्याच्या तोंडाशी खोल खड्डा हवा, वरून घुसलेला वारा तिथंच वळून परत जायला हवा. तो खड्डाच हाकसूनं खणला नव्हता. कसा खणणार? तीस वर्षं तो खड्डा जेवणाच्या सुट्टीत होत आला होता. वारा उलटा फिरून वाटांत अडखळत होता, हे खरं... पण बाबांसारखं दोनदा खोकून तिसऱ्यांदा घसा खाकरायचं वाऱ्याला कुणी शिकवलं?

ग्वाक बाईंनी वही उघडली. चूक उस्तादाची असेल तर सगळं उखडून विजेवर तापणाऱ्या गाद्या अंथरू, आणि तसं वर कळवू, असं त्या म्हणाल्या. हाकसूच्या चेहऱ्यावरची काजळीसुद्धा पांढरी पडली.

"चूक माझी," पिलनाम शांतपणे म्हणाली. "परवा मी धुराड्यात मुळ्याची सालं टाकली."

"मुद्दाम?"

"हो."

"किती?"

"टोपलीभर."

ग्वाक बाई गंभीरपणे लिहू लागल्या. आणि त्या टोपलीभर सालांपाशी हाकसूचा तीस वर्षांचा बांध फुटला.

"खोडा ते! हिनं काही टाकलं नाही. माझ्या नावाची एकूण एक जमीन हिनं घातली. मी फक्त फोटोला उभा राहिलो. मी घातलेली ही पहिलीच, आणि ती ही अशी."

"गप्प बस," पिलनाम म्हणाली, "बाबा ऐकतायत. शपथ आठव म्हणून तर खोकतायत."

"नाही गं ताई... आठ दिवस ते मला 'बोल, बोल' म्हणतायत."

दोघं उघड्या दगडावर वाकली. खालून खोकला आला. एकदा, दोनदा, मग घसा खाकरल्यासारखा. शपथ की बोल, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आयुष्यभर बाबांचं असंच होतं. ग्वाक बाई मात्र वही छातीशी धरून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथूनच त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली.

खड्डा पिलनामनं भरदिवसा, सगळ्यांदेखत खणला, आणि उस्ताद हाकसूनं मातीची घमेली वाहिली. सहाव्या दिवशी पदवी काढून घेतल्याचं पत्र आलं. त्यानं ते वाचलं, घडी घातली आणि पुढचं घमेलं उचललं.

आठव्या सकाळी दगडांवर जमिनीचा जाड कागद चिकटवून झाला, त्याला पाणी लागू न देणारं तेल द्यायचं तेवढं राहिलं. चुलाणं पेटलं. धूर निमूट धुराड्यावाटे गेला, आणि जमिनीखाली पूर्ण शांतता पसरली. आपण आज दुसऱ्यांदा पोरके झालो, असं तिला वाटलं...

"आडवा हो," ती भावाला म्हणाली. "गाल लाव. कुठं गार लागतं ते सांग."

साठीचा हाकसू पालथा पडला आणि पोरासारखा सरपटत कोपऱ्याकोपऱ्यात गेला. "इथं... नाही. इथं, ताई. हा एक दगड गार आहे."

त्याचं बरोबर होतं. जन्मात पहिल्यांदा.

तो उठेचना. खांदे हलू लागले. "ताई, तुझं सगळं आयुष्य याखाली..."

"रडायचं तर अंगणात जा," पिलनाम म्हणाली. "कागद फुगेल."

तो तरीही उठला नाही.  मग तिनं आपला एप्रन सोडला, त्याची नीट चौपदरी घडी केली, आणि शेजारी बसून ती हळूच त्याच्या गालाखाली सारली.