‘हो’ दाबू नका!

“थांबा! ते बटण दाबू नका!”

वेदिका एवढ्या जोरात ओरडली की संदेशदादाचा हात माऊसवरच थबकला. रत्नागिरी बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर तोच सांभाळायचा.

“अगो, पेन ड्राइव्ह बिघडलाय. फॉरमॅट करू का विचारतोय. ‘हो’ म्हटलं की चालू होतो!”

“चालू होईल, पण आतलं सगळं पुसून!”

सुट्टीसाठी ती पूर्णगडला गुणवंतीकाकीकडे आली होती. काल सकाळी गुरुप्रसादच्या ट्रॉलरनं काकीचं जाळं फाडून नेलं. किल्ल्यावर आलेल्या एका पाहुण्यानं ते व्हिडिओत टिपलं, पेन ड्राइव्हवर दिलं आणि तो निघून गेला. त्याचा नंबर घ्यायचं कुणालाच सुचलं नाही! आता पुरावा गेला तर काकीचा हंगामच बुडाला.

“ड्राइव्हात काय नाय, म्हणून थांबवतायत!” समोर बसलेला गुरुप्रसाद हसला. “अध्यक्ष, मिटवा आता.”

“मासळीचा लिलाव पुकारेपर्यंत वेळ देतो,” अध्यक्ष हरिश्चंद्रकाका म्हणाले. “नंतर तक्रार बंद.”

पेन ड्राइव्ह घेऊन वेदिका आणि काकीचा मुलगा मितेश बाहेर धावली. मितेश अगदी रडवेला झाला होता. “काल तर दिसत होतं गो!”

“पाहुण्याच्या लॅपटॉपवर! त्याच्या पाठीवर सफरचंद होतं ना? त्यानं हा पेन ड्राइव्ह मॅकपुरताच तयार केलाय. इथल्या विंडोजला तो वाचताच येत नाही.”

“मग मॅक कुठनं आणायचा?”

“लग्नाचे अल्बम करणारा सुजयदादा! पळ!”

सुजयदादाच्या स्टुडिओत व्हिडिओ झटक्यात उघडला.

“कर आता फॉरमॅट!” मितेश ओरडला.

“आधी कॉपी!” वेदिकानं दटावलं. व्हिडिओ मॅकवर उतरवून तिनं तो शेवटपर्यंत पाहिला. मगच पेन ड्राइव्ह पुसून ‘एक्सफॅट’ केला. हा प्रकार मॅक आणि विंडोज, दोघांनाही वाचता येतो. व्हिडिओ परत चढू लागला. पट्टी काही केल्या पुढे सरकेना! मितेश नखं खात बसला.

“झालं! नाही, ओढू नकोस. आधी इजेक्ट!”

बंदरावर मासळीच्या पाट्या मांडून झाल्या होत्या. लिलाववाल्यानं घसा खाकरला, तेवढ्यात दोघं धापा टाकत आत घुसली.

व्हिडिओ उघडला! काकीची होडी, जाळं, ट्रॉलरचा नंबर, आणि ट्रॉलरच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून ‘चल पुढे’ असा हात करणारा खुद्द गुरुप्रसाद! त्याची मान खाली गेली.

“नवं जाळं देतो,” तो पुटपुटला.

“उद्याच!” हरिश्चंद्रकाका कडाडले. मग पोरांकडे वळले. “शाब्बास! आम्ही तर पुरावा पुसायलाच बसलो होतो.”

संदेशदादानं हळूच कान पकडले.

गुणवंतीकाकीनं वेदिकाला पोटाशी धरलं. “बाय गो, माजी होडी परत दर्यात जाणार!” म्हणाली आणि घळाघळा रडायला लागली.