शेजारची जागा

मच्छिंद्रच्या जीपमध्ये माणसं आधीच कोंबून भरलेली, आणि त्यात हा बाबा वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांबच लांब काचेची नळी घेऊन चढला!

"मॅडम, एवढं टोक धराल का? फुटली तर शाळेत प्रयोगांच्या नावानं शंख."

प्रज्ञानं वळून पाहिलं. बाहेर राजूरची ती चिवट भुरभुर. त्याच्या चष्म्यावर थेंब, केस कपाळाला चिकटलेले... आणि चेहरा मात्र बारशाला निघाल्यासारखा खुललेला.

"कुठल्या शाळेत?" तिनं विचारलं.

"पिंपळदऱ्याच्या. आजच रुजू होतोय. सायन्सला."

"अगं बाई! मीसुद्धा."

"सायन्सलाच?"

"सायन्सलाच."

"मग नीट धरा," तो हसला, "अर्धी तुमचीच आहे."

तर अशी ही भीमराज साळव्यांची आणि प्रज्ञाची पहिली भेट. शाळा विनाअनुदानित. सरकारची ग्रँट आली की खरा पगार, तोवर संस्था हातावर टेकवेल ते. स्टाफरूममध्ये जो तो त्यावरच अडून बसलेला – ग्रँट आली की गाडी, ग्रँट आली की घर, ग्रँट आली की लग्न! तोवर सगळ्यांचं एकच पालुपद, मग बघू. भीमराजला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तो फळ्यापाशी उभा राहिला की पोरं मधली सुट्टी विसरायची. प्रज्ञा मात्र वर्गाच्या दारातच घड्याळाकडे बघायची. मास्तरकी ही तिच्या वडिलांची हौस. तिचा जीव रमायचा तो शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकात.

"काय दिसतंय?" एकदा त्यानं वाकून विचारलं. अगदी जवळून.

"पापणी."

"कुणाची?"

"माझीच. सरका ना जरा..."

"मला वाटलं, माझी दिसली की काय."

"तुमची बघायला यंत्र कशाला लागतंय?" बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली!

रोज सकाळी ती जीपमध्ये आधी चढायची. शेजारी कुणी टेकू लागलं की मच्छिंद्र खेकसायचा, "ओ पावनं, तिथं न्हाई! ती सरांची जागा हाय." ती खिडकीबाहेर बघत हसू दाबायची. प्रेम वगैरे शब्द दोघांनीही कधी काढला नाही. ग्रँट आली की बोलू, असंच काहीतरी मनात असावं.

आणि सत्त्याण्णवच्या श्रावणात हेडसरांनी ती बातमी आणली. ग्रँट येतेय, पण सायन्सला पोस्ट एकच! दोघं एकाच दिवशी रुजू झालेले. अशा वेळी वयानं मोठा तो सीनियर. म्हणजे भीमराज राहणार, प्रज्ञा जाणार. ऐकताना तिचे डोळे भरून आले. भीमराजनं ते पाहिलं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

कारण प्रज्ञाला ती नोकरी नकोच होती. कितीतरी दिवस ती स्वतःलाच विचारत होती – बाई गं, तुला नक्की करायचंय काय? संगमनेरला एका डॉक्टरांनी रक्त तपासायची लॅब काढली होती. तिनं घाईनं अर्ज टाकला नाही. रविवारी तिथं जाऊन बसली, काचपट्ट्या बघितल्या, हे आपल्याला जन्मभर करवेल का, ते जिवाला विचारलं. जीव हो म्हणाला. भीमराजला मात्र अवाक्षर सांगितलं नाही. आधी पक्कं होऊ दे, मग सांगू! एवढी विचारी पोर, पण ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं नाही.

सोमवारी ती पेढे घेऊन शाळेत आली. जीपमध्ये सर नव्हते. हेडसर मात्र दारातच उभे.

"अभिनंदन! पोस्ट तुमची. साळवे सरांनी शनिवारी राजीनामा दिला. वापीच्या औषध कंपनीत चाललेत. म्हणाले, मॅडम या नोकरीसाठी फार कष्टी झाल्यात."

"सर... राजीनामा परत घेता येईल?"

"कसला परत! चेअरमनसाहेबांनी उभ्या उभ्या मंजूर केला. त्यांचा भाचा बी.एस्सी. होऊन बसलाय. तुम्ही नको म्हणालात तर तो टपलेलाच आहे. आणि सर तर आताच्या नाशिक गाडीनं निघाले."

ती पळत सुटली. मच्छिंद्रची जीप परतायच्या बेतात होती, म्हणून बरं. राजूरच्या स्टँडवर नाशिकची एसटी घरघरत उभी, आणि दारात तो. हातात पत्र्याची ट्रंक.

"पेढे?" त्यानं डबा पाहिला. "पोस्टचे ना? द्या की..."

"संगमनेरच्या लॅबचे आहेत. मला नोकरी लागलीय तिथं." तिला धाप लागली होती. "मला शिकवायचंच नव्हतं हो! तुम्हीच राहणार होतात. शाळा तुमची होती."

तो पायरीवरून खाली उतरला.

"मग त्या दिवशी रडलात कशाला?"

"रोज जीपमध्ये तुमच्या शेजारी कोण बसणार, म्हणून!"

ट्रंक त्याच्या हातातून खाली टेकली. चष्मा काढून तो उगाच पुसत राहिला. पाऊस कुठला, डोळे कुठले, काही कळेना.

"एकदा सांगायचं होतंत, प्रज्ञा..."

"एकदा विचारायचं होतंत."

कंडक्टरनं घंटी मारली. वापीला उद्या हजर व्हायचं होतं, शब्द दिलेला होता, आणि इथला फळा आता त्याचा राहिला नव्हता.

"तुम्ही लॅबमध्ये जा," तो पायरीवर चढला. "मी सोडली म्हणून ही पोस्ट धरून बसू नका. मी तिकडं जरा स्थिरावतो... मग बघू."

मग बघू! त्या शाळेत दोघांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. एक पेढा त्यानं उचलला. गाडी हलली.

ती जीपकडे परत आली आणि आपल्या जागेवर बसली. छत्री मिटवत एक म्हातारी शेजारी टेकू लागली, तसा मच्छिंद्र सवयीनं ओरडला, "ओ आजी, तिथं न्हाई! ती सरांची..."

"बसू द्या त्यांना," प्रज्ञा म्हणाली, आणि खिडकीकडे सरकली.